सुकाणू उतरवलंच नाही, बिल मात्र 16 तासांचं

माझ्या बोटीचं सुकाणू ज्या कारागिराकडे दुरुस्तीला दिलं, त्याच्या बिलात लिहिलंय: सुकाणू उतरवणे-चढवणे 16 तास, नवे बुश (सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) 2, ग्लँड पॅकिंगचे (दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या दोरीचे) वेढे 4, पातं (सुकाणूचा पाण्यातला चपटा भाग) वाळवून इपॉक्सीने बंद करणे. 70 टक्के रक्कम आगाऊ घेतली, उरलेली 30 टक्के बोट पाण्यात सोडायच्या दिवशी. यातलं एकही काम झालेलं नव्हतं.

आणि ते तिथेच दिसत होतं. बोट ठोकळ्यांवर उभी, पात्याच्या खाली जमीन जेमतेम 40 सेंटिमीटर. पात्याच्या वरचा दांडा 110 सेंटिमीटरचा. असलं सुकाणू सरळ खालीच उतरतं. दांडा नळीतून सुटायला तेवढी जागा खाली हवीच. एकतर खड्डा खणा, नाहीतर क्रेनच्या पट्ट्यांवर बोट आणखी वर घ्या. खड्डा नव्हता, क्रेन आली नव्हती, पात्याखालचं गवत जसंच्या तसं होतं. मी मात्र नवा रंग बघत राहिलो. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मला यातलं कळत नाही असं नाही. क्वाड्रंट (दांडा फिरवणारा, त्याच्यावर बसवलेला भाग) काढण्याआधी दांड्यावर खूण करायची, चावी (तो भाग दांड्यावर घट्ट धरणारा धातूचा तुकडा) जपायची, पात्याला आधार दिल्याशिवाय शेवटचा बोल्ट सोडायचा नाही, हे पाठ आहे. पण त्या कारागिराने झिजलेला बुश हातात ठेवला, "हा बघा, तुमचाच." कोणीही विश्वास ठेवला असता. जुना बुश दाखवला तर दांड्याच्या मापाशी ताडून बघा. टिलर (सुकाणू वळवायचा हात) जड लागला तेव्हा म्हणाला, "नवे आहेत, बसायला वेळ लागेल."

नंतर दुसऱ्याकडून खरंच उतरवलं. जुने नायलॉनचे बुश पाणी पिऊन फुगलेले, दांड्याला आवळून बसलेले. पात्याच्या तळाशी 6 मिलिमीटरचं भोक पाडलं, तर तपकिरी पाणी वाहिलं. तपकिरी म्हणजे आतल्या स्टेनलेसला गंज. हवा न मिळता पाणी साचलं की तो वेल्डिंगच्या फटीतून खात जातो. दांडा पात्यात शिरतो तिथे नुसती पुट्टी फासलेली. पातं वाळायला आठवडे लागतात, पहिल्या कारागिराने तिसऱ्या दिवशी रंग मारला होता. हल (बोटीचा तळ) आणि पात्यामधल्या फटीत जुना रंग सलग दिसला, तर सुकाणू हललेलंच नाही असं समजा.

तक्रारीचं काय? बोट उभी होती त्या यार्डाचं कार्यालय म्हणतं, कारागीर आमचा नाही, आम्ही फक्त जागा देतो. पोलीस म्हणतात, दिवाणी प्रकरण. विमावाले म्हणतात, गंज आणि झीज पॉलिसीत बसत नाही. तिन्हीकडे तेच बिल, तेच फोटो, पुन्हा पहिल्यापासून सांगा. वर, काम झालं नाही याचा पुरावा मीच द्यायचा! एका साहेबांनी विचारलं, "बोट चालते ना?" दांडा तुटला तर भर समुद्रात बोट वळवता येत नाही, हे सांगताना माझा आवाज चढला, तर मलाच बाहेर बसवलं.

सुकाणू जमिनीवर आडवं पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. 16 तासांत कोणत्या दिवशी काय केलं, हे मी कारागिराकडे लेखी मागितलंय. उत्तर आलेलं नाही.