जुन्या गाडीला आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते दाखवणारा) बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

गाडी ४ सिलिंडर पेट्रोल, कार्बोरेटरवाली, सीबी पॉइंटची (कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणारे उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट), आणि डॅशबोर्डवर स्पीडोमीटर, पेट्रोल, टेम्परेचर एवढंच. काही जुन्या इंजिनांना केबलवर चालणाऱ्या मीटरची सोय असते, माझ्या इंजिनला ती नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक मीटर घेतला आणि स्टिअरिंगशेजारी क्लॅम्पवर लावला, ओरिजिनल डॅशला भोक पाडायचा प्रश्नच नव्हता.

वायरिंग अर्ध्या दिवसाचं काम. इग्निशन ऑन केल्यावर येणारा १२ व्होल्ट, अर्थ (म्हणजे गाडीची बॉडी), दिव्याची वायर आणि सिग्नलची वायर, ती कॉइलच्या (स्पार्कसाठी हाय व्होल्टेज तयार करते ती) निगेटिव्हला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगना स्पार्क वाटणारा, पॉइंट त्याच्याच आत असतात) वायर जाते त्या टोकाला लागते. मीटरच्या मागे ४-६-८ सिलिंडरचा स्विच होता, तो ८ वर राहिला तर ४ सिलिंडरला आकडा बरोबर निम्मा दिसतो, आधी तेवढं बघा. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली असेल (जुन्या ब्रिटिश गाड्या बऱ्याच तशा आहेत) तर असला मीटर सरळ जोडू नका.

मीटर खरं सांगतोय का हे मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून तपासलं. ४ सिलिंडरला इंजिनच्या एका फेऱ्यात दोन स्पार्क, म्हणून हर्ट्झ गुणिले ३० केलं की आरपीएम, ३० हर्ट्झ म्हणजे ९०० आणि १०० म्हणजे ३०००. माझा मीटर ३००० ला ५० ने जास्त दाखवतो, चालतंय.

आता खरी गोष्ट. मी मीटर घेतला गियर बदलताना बघायला, पण त्याचा फायदा झाला ट्यूनिंगला. इतकी वर्षं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) कानाने लावायचो आणि ८०० आहे असं छातीठोकपणे सांगायचो, पहिल्याच दिवशी काटा ११५० वर. मॅन्युअलमध्ये टाइमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, ८०० ला, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युमचा पाइप काढून बघायला सांगितलंय. ११५० ला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी) उघडायला लागलेली असतात, म्हणजे स्पार्क आधीच थोडा पुढे सरकलेला, त्यावर मी स्ट्रोब लाइटने मार्क जुळवायचो आणि टाइमिंग प्रत्यक्षात मागे राहायचं! चढावर गाडी ओढत नाही म्हणून दोनदा जेट साफ केले, प्लग बदलले, आणि दोष होता इथे. आयडलिंग ८०० ला आणून टाइमिंग परत लावलं तर तोच चढ तिसऱ्यावर जातो, आधी दुसरा टाकावा लागायचा. मिक्स्चरचा स्क्रूपण आता काटा बघून फिरवतो, पाव फेऱ्याने काटा २०-३० ने सरकतो आणि तेवढा फरक कानाला कळत नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र दणका बसला. टॉप गियरमध्ये चालत्या गाडीचं इंजिन एकदम गेलं, गाडी गियरमध्ये असल्यामुळे इंजिन फिरतंय पण काटा सरळ शून्यावर. पेट्रोल संपलं असतं तर काटा वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता, असा धाडकन पडला म्हणजे कॉइलचा सिग्नलच गेला, हे तिथेच लक्षात आलं. बॉनेट उघडून कॉइलला हात लावला तर चटका बसला. सिग्नलची वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकातून नुसतीच ओढून घेतली होती, रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) घातला नव्हता, पत्र्याच्या कडेवर घासून घासून इन्सुलेशन गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. कॉइलचं निगेटिव्ह कायमचं अर्थ झालं की पॉइंट उघडले काय आणि नाही काय, स्पार्क येणारच नाही. वायर कॉइलवरून उपटली आणि गाडी लगेच चालू झाली. त्यामुळे हे सगळ्यांना कळकळीने सांगतोय, ग्रोमेट घाला, वायरवर स्लीव्ह चढवा, आणि ती प्लगच्या वायरींपासून लांबून न्या नाहीतर काटा नाचतो.

सातव्या महिन्यात २५०० च्या पुढे काटा थरथरायला लागला, गाडी चालायला एकदम ठीक होती. डिस्ट्रिब्युटर कॅप काढली तर एका पॉइंटवर दाणा वाढलेला आणि समोरच्यावर खड्डा. नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर, फीलर गेजने (जाडी मोजायच्या पात्या) ०.४ मिमी गॅप, काटा शांत. मिसिंग सुरू व्हायच्या आधीच समजलं हे फार आवडलं मला.

तक्रार एकच, रात्री डायलचा दिवा काचेत दिसतो, मीटर थोडा खाली झुकवला तेव्हा कमी झालं. आणि आता ऑइल बघायला बॉनेट उघडलं की हात आधी त्या ग्रोमेटपाशी जातो.