क्रेनवाल्याचा अभिप्राय: युमेटव्ह्यूवरचा ‘डस्ट’ लेयर

मी कुवेतला बांधकामावर लिफ्टिंग सुपरवायझर आहे. टॉवर क्रेनने काहीही उचलायचं तर परमिटवर शेवटची सही माझी. वारा किती आहे ते क्रेनवरचा ॲनिमोमीटर सांगतो, पण तो आलेला वारा सांगतो. येणाऱ्या वाऱ्याचं त्याला काही ठाऊक नसतं. शिवाय धुळीत वाऱ्याच्याही आधी नजर जाते. वर केबिनमधल्या ऑपरेटरला खालच्या रिगरचा, म्हणजे माल बांधून हाताने इशारे देणाऱ्याचा, हात दिसेनासा होतो. ‘वॉकीटॉकीवर भागवू की’ म्हणणारे इंजिनियर भेटतात. त्यांना मी सही करायला पेन देतो, मग ते गप्प बसतात.

म्हणून धूळ यायच्या आधी दिसावी यासाठी मी बरीच साधनं वापरून पाहिली. त्यातलं टिकलं ते हे: युमेटसॅट या युरोपीय उपग्रह संस्थेची युमेटव्ह्यू ही साइट आणि तिच्यावरचा ‘डस्ट आरजीबी’ लेयर, म्हणजे धूळ लाल-हिरव्या-निळ्याच्या मिश्रणात रंगवून दाखवणारा नकाशा. नुसतं बघायला पैसे नाहीत, खातंही नको. लेयर निवडताना हिंद महासागराचा घ्या. तो मेटिओसॅट-९ वरून येतो. २०२२ पासून हा उपग्रह ४५.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आम्हा आखातवाल्यांच्या जवळपास सरळ दक्षिणेला, विषुववृत्तावर. दर पंधरा मिनिटांनी नवं चित्र.

पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल, होळी झाली आहे. दिवसा तापलेलं वाळवंट फिकट निळं, उंचावरचे दाट ढग तांबडे-तपकिरी, विरळ ढग काळपट आणि धूळ झगझगीत गुलाबी. हे रंग मुद्दाम चढवलेले असतात. उपग्रह ८.७, १०.८ आणि १२ मायक्रॉन अशा तीन तरंगलांबींवर खालून येणारी उष्णता मोजतो. खनिज धूळ १०.८ वर जास्त शोषून घेते आणि १२ वर कमी. ढगातल्या बर्फाचं बरोबर उलटं. हा फरक लाल रंगात टाकला की धूळ ढगातून वेगळी होते. साध्या फोटोत पिवळ्या वाळवंटावर पिवळी धूळ शोधत बसावं लागतं, इथे ती स्वतःहून हात वर करते. आणि सगळा कारभार उष्णतेवर चालत असल्यामुळे रात्रीही दिसते. आमची पहिली उचल पहाटे असते, त्यामुळे मला याचं मोल फार. रात्री जमीन गार झाली की गुलाबी जरा जांभळट होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

उन्हाळ्यात इथे शमाल वाहतो, वायव्येकडून. दक्षिण इराकच्या सुकलेल्या गाळाच्या सपाटीवरून धूळ उचलतो आणि आमच्या अंगावर आणून टाकतो. नासिरियाजवळ गुलाबी पट्टा उठला की मी ॲनिमेशन लावतो आणि त्याची पुढची कड दोन-तीन चित्रांत किती सरकली ते बघतो. नासिरिया ते कुवेत शहर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. ताशी पन्नासने येत असेल तर हातात पाच तास. तेवढ्यात वरचा माल उतरवून, क्रेनचा स्लू ब्रेक सोडून, म्हणजे जिब (क्रेनचा आडवा हात) वाऱ्याबरोबर फिरायला मोकळी ठेवून, माणसं आत घेता येतात. मे २०२२ मध्ये इराककडून एकामागून एक वादळं आली, १६ आणि २३ तारखेला इथल्या विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली. त्या महिन्यात आमच्या साइट ऑफिसमधला एक स्क्रीन कायम गुलाबी होता.

आता हे चित्र काय सांगत नाही ते. धूळ जमिनीलगत आहे की दोन किलोमीटर वर, हे त्यातून कळत नाही. कधी सगळं कुवेत गुलाबी दिसतं आणि बाहेर नुसतं धुरकट ऊन असतं. म्हणून सोबत विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथल्या त्या वेळच्या हवामानाचा रिपोर्ट, उघडा ठेवायचा. त्यात दृश्यमानता मीटरमध्ये असते. ती एक हजाराच्या खाली गेली की हवामानवाल्यांच्या भाषेत धुळीचं वादळ. दमट हवेतही गुलाबी रंग मरतो, कारण पाण्याच्या वाफेचा परिणाम धुळीच्या उलट पडतो. आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे सरायात. एप्रिल-मेच्या सुमारास इथे अचानक गडगडाटी ढग येतात, त्यांच्यातून कोसळणारा गार वारा धुळीची भिंत उभी करतो. भिंत ढगाखाली, उपग्रह ढगावर! त्या दिवसांत चित्रात ढगांचा तांबडा गोळा फुगताना दिसला तरी मी उचल थांबवतो, गुलाबीची वाट बघत नाही.

उद्या-परवाच्या नियोजनासाठी हा लेयर कामाचा नाही. त्याला बार्सिलोनाच्या धूळ केंद्राची साइट आहे. ती धुळीच्या वेगवेगळ्या संगणकी मॉडेलांचे अंदाज शेजारी शेजारी मांडते. सगळी मॉडेलं एकाच सुरात बोलत असतील तर मी काँक्रीटची गाडी पुढे ढकलतो, त्यांच्यात भांडण असेल तर नाही. शमालला हे अंदाज बरे, सरायातला कोणीच बरं नाही.

काही जण घरात ठेवायचं हवा मोजणारं छोटं यंत्र घेतात. आमच्या फ्लॅटमध्येही एक आलं, कंपनीचं नाव लिहीत नाही. बाहेर समोरची इमारत दिसत नाही आणि याचा पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) चा आकडा पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) च्या जरासाच वर! अशा स्वस्त लेझर सेन्सरांना बारीक धूर बरा कळतो. जाड धूळ छोट्या पंख्याने लेझरपर्यंत नीट पोचत नाही, मग पीएम १० बराचसा अंदाजाने काढलेला असतो. फोडणीचा धूर मोजायला ठेवा, वादळासाठी नको.

मुंबई-पुण्याच्या लोकांना याचा काय उपयोग? २३ जानेवारी २०२२ आठवा, पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्या पांढऱ्या झाल्या होत्या. ठाण्याहून ताईचा फोन आला, ‘अरे, ही कसली पावडर?’ अशा वेळी हाच लेयर उघडा, भारताचा पश्चिम भाग त्यात चांगला येतो. पूर्वेकडे जाल तसा उपग्रह तिरका बघतो. आपल्या इन्सॅट-३डीआर या उपग्रहाची चित्रं हवामान खात्याच्या साइटवर फुकट आहेत आणि ढगांसाठी मी तीच बघतो, पण त्याच्या सहा चॅनेलांत ८.७ मायक्रॉनचा नाही, त्यामुळे हीच पाककृती तिथे जमत नाही. युमेटव्ह्यूवरची वेळ मात्र यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आम्ही तीन तास मिळवतो, तुम्ही साडेपाच मिळवा.