टी१२ सोल्डरिंग स्टेशन: आठ महिन्यांनंतर

पंधरा वर्षं २५ वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नवर (कथील वितळवून तारा-भाग जोडायचं विजेचं हत्यार) काढली. प्लग लावायचा, पाच मिनिटं थांबायचं, राळेत बुडवून धूर निघाला की कामाला लागायचं. जुने रेडिओ, शेजाऱ्यांचे एलईडी बल्ब, सगळं त्यावर निभलं. अडलं ते एका ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर. ग्राउंडचा रुंद तांब्याचा पट्टा सगळी उष्णता ओढून घेत होता, कथील वितळेना. मी बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, दाबून धरलं, आणि कपॅसिटरच्या पायासोबत पॅडही (बोर्डावरची तांब्याची टिकली) उखडून आलं.

मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टी१२ जातीच्या बिटांचं एक बिनब्रँडचं स्टेशन, म्हणजे तापमान ठरवता येणारं आयर्न, आणलं. बिटांची रचना मूळ हाक्को या जपानी कंपनीची. हीटर आणि तापमान मोजणारा थर्मोकपल दोन्ही बिटाच्या पोटातच असतात, त्यामुळे टोक थंड पडलं की लगेच जोर वाढतो. बिटाचा रोध साधारण ८ ओहम, म्हणजे २४ व्होल्टवर सत्तरेक वॅट. जास्त वॅट म्हणजे बोर्ड जळणार, ही माझी भीती उलटी निघाली. ३३० अंशांवर दोन-तीन सेकंदांत डाग बसतो आणि पॅड तापून सुटायची वेळच येत नाही.

पहिल्याच आठवड्यात पेटीला हात लागून झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर लावला तर प्लगची अर्थ पिन आणि धातूची पेटी यांचा काही संबंधच नाही! आत पिवळी-हिरवी वायर स्वतः जोडली. असं स्वस्तातलं स्टेशन घेतलंत तर हे आधी तपासा, कामाला नंतर लागा.

पहिलं बिट मात्र मीच मारलं. जुन्या आयर्नचं बिट नुसत्या तांब्याचं होतं, काळं पडलं की कानस मारायची, झालं. तोच हात इथे चालवला. टी१२ च्या तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, कारण वितळलेलं कथील तांबं खात जातं. मुलामा गेला आणि महिन्याभरात टोकाला खड्डा पडला. आता पितळी जाळीत दोनदा खुपसतो आणि लगेच ताजं कथील चढवतो. ओला स्पंजही चालतो, पण पिळून घेतलेला. बंद करताना टोकावर कथलाचा जाड थेंब तसाच ठेवायचा. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. बिटालाही कल्हईच लागते, फक्त नवसागर नको. तो बोर्डाला खातो. साधी राळ पुरते.

आकाराचं म्हणाल तर सुईसारखं टोकदार बिट बारीक कामाला बरं, असं वाटतं. पण ते जेमतेम टेकतं आणि उष्णता पुढे जातच नाही. माझं नव्वद टक्के काम २.४ मिमीच्या चपट्या डी२४ वर होतं. सोबत ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) ०.८ मिमी तार. ती १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे जोड हलून ड्राय, म्हणजे कच्चा, होण्याचा धोका कमी. त्यात शिसं असतं, म्हणून चहाआधी हात धुतो.

तक्रार एकच. मूठ हलली नाही की हे स्टेशन झोपतं, बिट वाचावं म्हणून. पण आयसीच्या बारीक पायांवर श्वास रोखून हात स्थिर धरला, की नेमकं तेव्हाच त्याला डुलकी लागते. मग झटकून उठवायचं आणि पुन्हा पहिल्या पायापासून.