फडताळातली बाटली आणि कोथिंबिरीखालची

आंब्यातला साका कापल्याशिवाय कळत नाही. साल सोनेरी, देठाशी घमघमाट, आणि सुरी फिरवली की आत पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. देवगडात चाळीस वर्षं बाग करतोय, तरी दर मोसमात फसतो. एका डिसेंबरात साका वाइनच्या बाटलीत भेटला.

भाचा ऑस्ट्रेलियात असतो. २०१८ च्या मे महिन्यात येताना त्याने विन्स ब्लॅक लेबल ह्या तिकडच्या तांबड्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, कॅबरने सोव्हिन्याँ नावाच्या द्राक्षाच्या, २०१५ च्या तोडणीच्या. (कस्टमवाले माणशी दोनच लिटर सोडतात, नाहीतर तिसरीही आली असती.) "मामा, घाई करू नका, ही पंधरा वर्षं सहज राहते." मी आढी लावणारा माणूस, वाट बघायचं मला काय शिकवतोस, असं म्हणून एक फडताळात आडवी ठेवली आणि दुसरी जुन्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. त्यात अक्कल काही नव्हती, फ्रिजमध्ये दोन मावत नव्हत्या एवढंच. त्या एकीपायीसुद्धा कोथिंबीर काढताना हिची बोलणी सहा वर्षं खाल्ली.

दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या. फडताळातलीच्या लेबलावर छापलेली विन्सच्या वायनरीची, म्हणजे वाइनच्या कारखान्याची, तीन त्रिकोणी छपरांची इमारत बुरशीने अर्धी खाल्लेली. झाकण फिरकीचं, म्हणून ते मात्र ठणठणीत. बूच असतं तर सहा पावसाळ्यांत त्याचं काय झालं असतं कोण जाणे. पेल्यात कडेला विटकरी रंग, वास करपत आलेल्या जॅमचा. पहिल्या घोटाला गोडसर, आणि मग मधेच पोकळ. साकाच. दोष वाइनचा नाही, माझा. तिला बारा-चौदा अंश लागतात आणि आमचं माजघर मे महिन्यात तिशीच्या खाली येत नाही.

फ्रिजमधली वेगळीच निघाली. रंग अजून गडद, जांभळाचे डाग पडतात तसा. वास करवंदाचा, त्यामागे नुकत्याच छिललेल्या पेन्सिलीचा, आणि एकदम वर थोडी निलगिरी. तुरटपणा आहे, पण मिठात मुरलेल्या काजूच्या बोंडाचा. जीभ धरतो आणि सोडतो. हा तुरटपणा आणि आंबटपणा हीच वाइनची शिदोरी. वर्षं जातात तसे तुरटपणाचे कण एकमेकांना चिकटून तळाला गाळ होऊन बसतात आणि चव मऊ होते. फ्रिजच्या गारव्यात हे सगळं आणखी सावकाश चालतं. आमच्या बाटलीत गाळ जेमतेम चिमूटभर होता.

हे द्राक्ष येतं कूनावाराचं, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं. समुद्र साठेक किलोमीटरवर, पण तो दक्षिणेकडचा थंडगार समुद्र, आमच्यासारखा घाम काढणारा नव्हे. त्या गारव्यात फळ सावकाश पिकतं आणि आंबटपणा टिकवून ठेवतं. तोडणी मार्च-एप्रिलात, नेमका आमचा हापूस उतरतो तेव्हा! जमीनही लाल, लोहाने लाल झालेली, फक्त खाली जांभ्याऐवजी चुनखडी. असा लाल पट्टा पंधराएक किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरही रुंद नाही. विन्स कुटुंबाने तिथली जुनी वायनरी १९५१ मध्ये घेतली आणि १९५४ पासून ही कॅबरने निघते.

प्यायची असेल तर आधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा, जास्त नको. 'खोलीच्या तापमानाला प्या' हा सल्ला कोकणातल्या खोलीसाठी नाही. बांगड्याबरोबर अजिबात घेऊ नका, तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं. मी हौसेने करून बघितलं. मटण सुकं बेताच्या तिखटाचं असेल तर छान, पण खरी जोडी जमली ती काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशी. आईने पेल्यात डोकावून विचारलं, "ह्यां काय रे? करवंदाचां सरबत?" घोटभर चाखलं आणि वाटाण्याकडे वळली.

इथे विकत घ्यायची तर महाग. २०२२ च्या डिसेंबरात लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारापासून ऑस्ट्रेलियन वाइनवरचा १५० टक्के आयातकर टप्प्याटप्प्याने उतरतोय, तरी आमच्या बाजूच्या दुकानात मला ती दिसलेली नाही. घरात रिकामा फ्रिज नसेल तर आणून ठेवू नका, आणाल त्या आठवड्यात प्या.

तळाला पेलाभर उरली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी घेतली तर आदल्या रात्रीपेक्षा चांगली लागली. म्हणजे अजून चार-पाच वर्षं तरी तिला कोथिंबिरीखाली राहू द्यायला हवं होतं.