काला केए-१५एस: पहिलं युकुलेले म्हणून कसं आहे?

खेळण्यांच्या दुकानात टांगलेली, कार्टून छापलेली चार तारांची वस्तूही युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य, म्हणूनच विकली जाते. तिचे पडदेच चुकीच्या जागी असतात, त्यामुळे ती सुरात लागत नाही. ‘आधी स्वस्तातलं घेऊ, जमलं तर चांगलं घेऊ’ हा हिशेब इथे उलटा बसतो. वाद्य बेसूर, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच कान कच्चा. काला या अमेरिकन कंपनीचं केए-१५एस हे त्या खेळण्याच्या वरची पहिली पायरी आहे, आणि पायरी भक्कम आहे. फक्त खोक्यातून काढल्या काढल्या वाजवायचं वाद्य हे नव्हे.

आकार सोप्रानो, म्हणजे २१ इंची. मडेराहून १८७९ मध्ये होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी हवाईत जे छोटं वाद्य घडवलं, त्याच्या सगळ्यात जवळचा हाच आकार. अंग महोगनीचं, पण अखंड फळीचं नाही, थर चिकटवून केलेलं. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात अखंड लाकूड फुगतं आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात आकसतं. थरांचं लाकूड दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. (बंद गाडीत मात्र कोणतंच ठेवू नका, घोडीचा, म्हणजे तारा बांधलेल्या पट्टीचा, डिंक सुटतो.) बदल्यात आवाजाला खोली कमी आणि आस आखूड. तार छेडली की सूर टुणकन उडतो आणि विझतो. ठेक्याच्या साथीला हे छान लागतं. संथ आलापीची हौस असेल, तर हे वाद्य तुमचं नाही.

खुंट्या गिअरच्या आहेत, ही या किमतीतली सगळ्यात कामाची गोष्ट. नुसत्या घर्षणावर चालणाऱ्या खुंट्या केसभर फिरवल्या तरी सूर उडी मारतो आणि नवशिक्या रडकुंडीला येतो. अ‍ॅक्विला कंपनीच्या दुधी पांढऱ्या तारा आधीच बसवलेल्या मिळतात. त्या ताणल्या जातात, म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस दर पाच मिनिटांनी सूर उतरणार. हा दोष नाही. प्रत्येक तार बाराव्या पडद्यापाशी बोटाने हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा करा. सूर चढला, तर तिथल्या तिथे उतरवून थांबू नका. थोडं जास्त खाली जा आणि खालून वर येत लावा, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो.

तारा जी, सी, ई, ए अशा लावायच्या. पेटीवर पांढरी एकला सा धरला, तर याच तारा होतात प, सा, ग, ध. भूप रागाला लागणाऱ्या पाचातले चार सूर मोकळ्या तारांवर आयते! सा मोकळा, रे त्याच तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, ग मोकळा, प मोकळा, ध मोकळा, आणि तार सा शेवटच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. फक्त दोन ठिकाणी बोट ठेवून भूपाचा आरोह-अवरोह वाजतो. अलंकार घोटलेल्या माणसाला हे वाद्य इतकं पटकन का उमगतं, त्याचं कारण हेच.

गोंधळ होतो तो पहिल्या तारेपाशी. चेहऱ्याच्या बाजूची ही तार गिटारसारखी खर्जाची नाही. तिचा पंचम मध्य सप्तकातला, सा आणि ग या दोन्हींपेक्षा उंच. क्लिपवाला ट्यूनर सप्तक ओळखत नाही, खालचा जी लागला तरी तो हिरवा दिवा दाखवतो. मग तार लोंबते आणि पडद्यांवर खरखरते. उलट भीतीही असते: वरचा जी शोधताना कुणी तार तुटेपर्यंत पिळतो. खातरजमा सोपी आहे. ई तार तिसऱ्या पडद्यावर दाबा, तो सूर आणि मोकळी जी तार तंतोतंत जुळली पाहिजे. मंद्र पंचम हवाच असेल, तर त्यासाठी वेगळी जाड तार मिळते. आहे तीच तार सैल करून तो मिळत नाही.

आता ती तपासणी, जी वाद्य परत करायची मुदत संपायच्या आत करावी. या किमतीच्या बहुतेक युकुलेल्यांत नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या, खाचा जरा उथळच सोडलेल्या असतात. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट उरते ते पाहा. कागद जेमतेम सरकेल इतकी असावी. जास्त असेल, तर पहिल्या-दुसऱ्या पडद्यांवर बोटं दुखतात आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. मोकळ्या तारा सुरात आणि कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) मात्र बेसूर, हे त्याचं लक्षण. वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे बारीक कानशीने हे थोड्या वेळात होतं. घरी करू नका: खाच जास्त खोल गेली की मोकळी तारच पडद्यावर आपटते आणि नट बदलावी लागते. बाराव्या पडद्यावरचा सूरही मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर येतोय का, ते ट्यूनरवर बघा. सी तार किंचित चढी दिसली तर चालवून घ्या. चारही तारा चढ्या असतील, तर वाद्य बदलून मागा.

कॉर्ड सोप्या आहेत. सी मेजरला एकच बोट, अनामिका, ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. ए मायनरला मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. ते न उचलता तर्जनी ई तारेच्या पहिल्या पडद्यावर ठेवली की एफ. जी सेव्हन जमली की या चौघींत पुष्कळ गाणी बसतात. अडतं ते डी मेजरला. जी, सी आणि ई या तिन्ही तारा दुसऱ्याच पडद्यावर, आणि तिथे दोन पडद्यांमधली जागा जेमतेम १८ मिलिमीटर. मोठ्या माणसाची तीन बोटं तिथे सहज मावत नाहीत. मधलं बोट थोडं आडवं करून जी आणि सी एकत्र दाबा, ई अनामिकेला द्या. तर्जनी चारही तारांवर आडवी टाकली, तर ए तार पाचव्या पडद्यावर करंगळीने दाबावी लागते, आणि पहिल्या महिन्यात ते होत नाही.

पडदे बाराच. म्हणजे मध्य सा ते तार ध, आणि सुरुवातीला तेवढा पल्ला पुरतो. पट्टा अडकवायला बटण नाही, ही खरी अडचण. वाद्य उजव्या कोपराने बरगडीशी धरावं लागतं, नाहीतर डाव्या हातावर मानेचं ओझं येतं आणि कॉर्ड बदलताना वाद्य घसरतं. वाद्याची पिशवी आणि ट्यूनर यांचे पैसे वेगळे धरा.

लहान मुलांना आणि बारीक बोटांच्या मोठ्यांना हेच घ्या. बोटं जाड असतील, तर याच मालिकेतलं २३ इंची कॉन्सर्ट केए-१५सी पाहा. तिथे पडद्यांमधली जागा दोनेक मिलिमीटरने वाढते, आणि डी मेजरला तेवढ्यानेही फरक पडतो. बॅरिटोन हा मोठा आकार घेऊ नका. ते डी, जी, बी, ई असं लागतं आणि वर सांगितलेली एकही बोटजागा तिथे त्या नावाची कॉर्ड देत नाही.