घरपोच किरायाचा करार: अंगठे त्यांनी घेतले, अटी मी लिहिल्या

सासूबाईंचा अंगठा काही लागेना. मशीनवर लाल दिवा, पुसून पुन्हा ठेवला तरी लालच. एजन्सीचा पोरगा म्हणाला, "आजी, जरा दाबून धरा." सासूबाई म्हणाल्या, "अजून किती दाबू बापा? फुटून जाईल तुझी मशीन." वय 81, अर्धा जन्म राखेनं भांडी घासण्यात गेलेला, बोटांवर रेषा उरल्यात कुठे? ओल्या फडक्यानं बोट पुसून झालं, पावडर लावून झाली, केसांवरून फिरवून झालं (हा उपाय त्या पोराचाच). उजवा हात संपला. पाऊण तासानं डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला, तेव्हा खाली पायरीवर बसलेल्या आमच्या नव्या किरायेदारानं टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन किरायाचा करार नोंदवून देणाऱ्या एका एजन्सीचा हा अनुभव. तक्रारही करायची आहे, म्हणून नाव लिहीत नाही. नागपूरच्या म्हाळगीनगरात आमचं साधं दोन माळ्यांचं घर आहे, सासूबाईंच्या नावावर. खाली आम्ही राहतो, वरच्या दोन खोल्या-किचन किरायानं देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, आमचे हे चक्की चालवतात. वरचा किराया म्हणजे सासूबाईंची औषधं आणि घराची डागडुजी, हिशेब एवढाच.

आधी आम्हीही सगळ्यांसारखंच करायचो. शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का आणि "अकरा महिन्यांचा आहे ना, मग नोंदणी लागत नाही" हे छापील वाक्य. सांगणारे वकीलही होते, म्हणून कधी शंका आली नाही. मागच्या किरायेदारानं ती समजूत उतरवली. मुदत संपली तरी पाच महिने हलला नाही, आणि वर तोंड करून म्हणाला, किराया साडेपाच हजारच ठरला होता. कागदावर सात हजार होते. मग ओळखीच्या एका वकीलबाईंनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 काढून कलम 55 वाचून दाखवलं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत किरायेदार म्हणेल ते खरं, उलटं सिद्ध करायचं ते आपण. वरून मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आम्ही इतकी वर्षं स्वतःच गुन्हा करत होतो, आणि चिडत होतो किरायेदारावर.

म्हणून या जूनमध्ये ही एजन्सी बोलावली. सासूबाईंना दोन जिने चढून कोणत्या ऑफिसात नेणार?

पद्धत अशी. आधी फोनवर सगळ्यांचे आधार नंबर, घराचा पत्ता, किराया, डिपॉझिट घेतात. चलन ऑनलाइन भरतात. मग लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. मालक, किरायेदार आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे फोटो अन्‌ ठसे. ते आधारशी जुळले की कागद निबंधकाकडे ऑनलाइन जातो आणि मंजूर होऊन परत येतो. वेळ जातो तो साक्षीदारांत. शेजारच्या काकूंनी साफ नकार दिला, "अंगठा दिला तर माझ्या बँकेतले पैसे जातील." शेवटी चक्कीवर दळण घेऊन आलेले एक गृहस्थ ठसा द्यायला तयार झाले, त्यांचं दळण त्या दिवशी फुकट.

पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. किराया 9,000, डिपॉझिट 20,000, मुदत 11 महिने. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण किराया अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. मी कागदावर मांडलं तर 252 रुपये आले, त्यांनी चलन 300 चं भरलं. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत 1,000 (ग्रामीण भागात 500). वर कागद हाताळणीचा सरकारी आकार आणि त्यांची मजुरी, मजुरी हजाराच्या आत. चलनं मागितली तेव्हा दाखवली, हे बरं. पण न मागता दाखवली नाहीत. किरायेदाराची माहिती पोलिसांना देण्याचे वेगळे दोनशे सांगितले, ते मी नाही दिले. राज्य पोलिसांच्या पोर्टलवर ती माहिती घरबसल्या भरता येते, मी चहा निवेपर्यंत भरली.

आता खरी तक्रार. करार ही माणसं नोंदवून देतात, लिहून देत नाहीत. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जो मसुदा आला तो कुठल्या तरी मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचा होता. "सोसायटीचे नियम पाळावेत." कोणती सोसायटी? "मेंटेनन्स लायसेन्सर भरेल." आमच्याकडे मेंटेनन्स म्हणजे पावसाळ्याआधी गच्चीवरची नाली मोकळी करणं, आणि ती आमचे हे करतात. मी मराठीतला मसुदा मागितला, तो वाचून दाखवताना लायसेन्सर म्हणजे घरमालक, म्हणजे तुम्ही, असं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ कशाचं लायसन? मी गाडी कुठं चालवते?"

पण नागपुरात किरायेदाराशी भांडण ज्यावरून होतं त्यातलं एकही अक्षर त्या आठ पानांत नव्हतं. भांडण होतं कूलरवरून. एप्रिल लागला की वरच्या खिडकीला घोडी (लोखंडी स्टँड) ठोकून डेझर्ट कूलर बसतो. भिंतीला चार भोकं, वायर कुठून तरी ओढलेली, कूलरच्या ताट्यांचं (बाजूच्या गवती जाळ्यांचं) पाणी खालच्या भिंतीवर झिरपून मे संपेस्तोवर प्लास्टर फुगतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तो कूलर दिवसाला किती बादल्या पाणी पितो ते आमच्या हजार लिटरच्या टाकीला विचारा. महापालिकेचं पाणी मीटरचं, जास्त वापरलं की दर चढतो, आणि टाकी सामाईक.

विजेचं तर त्याहून किचकट. वर आम्ही सबमीटर लावलाय. मागच्या मे महिन्यात एकूण 430 युनिट आले, त्यातले वरच्यांचे 190. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटनंतर चढतो आणि 300 नंतर परत चढतो. वरचे म्हणायचे, आमचे 190 आहेत, आम्हाला 190 चा दर लावा. आमचं म्हणणं, तुमच्यामुळे आम्ही तीनशेच्या वर गेलो. दोघांचंही बरोबर, आणि बिल मात्र एकच. तीन दिवस जिन्यावर कोणी कोणाशी बोललं नाही.

म्हणून मी वहीच्या पानावर चार अटी लिहून दिल्या. कूलरची घोडी आम्ही बसवून दिलेल्या जागीच, नवीन भोक पाडायचं नाही. कूलरखाली ट्रे आणि पाण्याची नळी नालीपर्यंत. विजेचं बिल दोघांच्या युनिटच्या प्रमाणात वाटायचं, स्थिर आकार निम्मा-निम्मा. चौथी अट घर सोडताना रंगाचे पैसे किती कापायचे याची. पोरगा कंटाळला, म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी लिहीत नाही." मी म्हटलं, बाळा, म्हणूनच तर भांडतात. त्यानं टाइप केलं, पण ‘नाली’चं ‘नळी’ केलं. मी परत वाचलं म्हणून सापडलं. अंगठे लागल्यावर मजकुरात काना-मात्रा बदलता येत नाही, सगळं नव्यानं करावं लागतं, तेव्हा मसुदा आदल्या दिवशी मागाच, आणि चष्मा लावून वाचा.

आणखी बारीकसारीक: सकाळी अकराची वेळ दिली, आले दीडला, सासूबाईंच्या जेवणाची वेळ टळली. पैसे मिळेपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलायचे, नंतर नोंदवलेल्या कराराची प्रत मागायला मी सहा फोन केले. प्रत आली पाचव्या दिवशी. पोरगा मात्र स्वभावानं चांगला. सासूबाईंवर एकदाही चिडला नाही, उलट दर बोटाला "आता लागते पाहा आजी" म्हणत राहिला. जाताना तर्रीपोहे खाऊन गेला.

पुढच्या वर्षी परत यांनाच बोलावेन का? बहुतेक हो. नोंदवलेला करार हातात असला की मुदत संपल्यावर कोणी अडून बसला तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली जागा परत मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट किराया मागता येतो. मागच्या वेळी हा कागद असता तर ते पाच महिने गेले नसते. करार 60 महिन्यांपर्यंतचा करता येतो असं तो पोरगा म्हणत होता, पण पाच वर्षं एकाच किरायेदारासोबत म्हणजे आधी पाहू तर द्या ताट्या कुठे झिरपतात ते.

तोवर कॅलेंडरच्या मे महिन्याच्या पानावर मी लिहून ठेवलंय: आईंचा डावा हात, करंगळीशेजारचं बोट.