रिव्हिएराचा मूळ कन्व्हर्टर चोरीला गेला आणि मला चार महिने कळलं नाही

जुनी अमेरिकन गाडी सांभाळणाऱ्या आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझी गाडी १९६६ ची ब्यूक रिव्हिएरा. फ्लिंटमध्ये बनलेली, ४२५ घनइंचांचं इंजिन. मी मिशिगनमध्येच राहतो, त्यामुळे ही गाडी तिच्या जन्मगावाजवळच फिरते याचं मला फार अप्रूप. मागच्या वर्षी गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो घसरायला लागला. जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजचं नाव कुणीतरी सुचवलं. पूर्ण ओव्हरहॉलचे ३,४०० डॉलर ठरले. पाच आठवड्यांनी गाडी परत आली. गळती बंद, गिअर लोण्यासारखे पडतात. मी खूश.

एक गोष्ट मात्र खटकत होती. सिग्नलला ड्राइव्हमध्ये उभं राहिलं की गाडी पुढे ओढायची. ब्रेक चांगला दाबून धरावा लागायचा. पूर्वी ती शांत उभी राहायची, नुसता पाय ठेवला तरी पुरे. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "नवीन क्लच बसलेत, रुळायला वेळ लागतो." मी मान्य केलं. क्लचचा आणि या ओढण्याचा काहीच संबंध नाही, हे तेव्हा मला सुचलं नाही.

संबंध आहे तो इंजिनला तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा. त्याच्या आत तेल भरलेलं असतं. इंजिन त्या तेलातला पंप फिरवतं, ते तेल टर्बाईनवर आदळून तिला फिरवतं आणि टर्बाईन गिअरबॉक्सला. या दोघांमध्ये स्टेटर असतो. टर्बाईनमधून उलट दिशेने परतणारं तेल तो वळवून पुन्हा पंपाच्या कामी लावतो. बहुतेक गाड्यांत स्टेटरची पाती कायमची एकाच कोनात असतात. ब्यूकने १९५५ च्या डायनाफ्लो गिअरबॉक्समध्ये ती फिरती केली. पुढे १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत ब्यूक, ओल्डस्मोबिल आणि कॅडिलॅकच्या तीन गिअरांच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्येही हीच सोय होती. ब्यूकमध्ये त्याचंच नाव सुपर टर्बाईन ४००.

पाती जास्त कोनात गेली की कन्व्हर्टर 'सैल' होतो. इंजिन मोकळेपणाने वर चढतं आणि टॉर्क जास्त मिळतो. कमी कोनात तो 'घट्ट' होतो, घसरण कमी, हायवेला उत्तम. खुबी अशी की गाडी जागेवर उभी असतानाही पाती जास्त कोनात ठेवली जायची, म्हणजे ती पुढे ओढत नाही. हे सगळं थ्रॉटलच्या दांड्याजवळचा स्विच आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या तेलपंपातला सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) करतात. वीज मिळाली की पाती जास्त कोनात, वीज गेली की कमी. इतकं साधं आणि इतकं सुंदर! १९६८ पासून ते बंद झालं. साध्या स्टेटरचा ४०० मात्र पुढे वर्षानुवर्षं बनत राहिला, म्हणून त्याचे भाग ढिगाने मिळतात आणि फिरत्या पात्यांचे शोधावे लागतात. ड्रॅग रेसिंगवालेही ते हौसेने विकत घेतात. चोरीचं कारण इथेच आहे.

चार महिन्यांनी फ्लिंटजवळच्या एका निवृत्त ट्रान्समिशन मेकॅनिककाकांनी गाडी चालवून पाहिली. पहिल्याच सिग्नलला म्हणाले, "हा तुझा कन्व्हर्टर नाही." मी म्हटलं, गिअरबॉक्सवरची ओळखीची प्लेट मूळचीच आहे, बाहेरचा दोन पिनांचा कनेक्टरही आहे. एक पिन किकडाउनची (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणाऱ्या सोयीची), दुसरी स्टेटरची. आणि किकडाउन तर झकास चालतं! गॅरेजवाल्याने गाडी देताना मला तेच करून दाखवलं होतं. काकांनी इंजिन बंद ठेवून स्टेटरच्या पिनेला १२ व्होल्ट दिले. आवाज नाही. किकडाउनच्या पिनेला दिले तर खट्कन आवाज आला.

गिअरबॉक्स उतरवला. बाहेरचं कवच माझंच, पण आतला पुढचा पंप नंतरच्या वर्षाचा. त्यात स्टेटरचा सोलेनॉइडच नाही. इनपुट शाफ्ट बदललेला, कन्व्हर्टर साध्या स्टेटरचा. हे तिन्ही एकत्रच बदलावे लागतात, म्हणजे चुकून झालं म्हणायला जागा नाही. स्टेटरची वायर मात्र कनेक्टरपर्यंत नीट आणून लावलेली होती. त्या वायरीचा मला सगळ्यात जास्त राग आला.

बिलावर लिहिलं होतं, "कन्व्हर्टर बदलला." जुना मागितला तर म्हणाले, भंगारात गेला. कोल्हापुरात माझे मामा ट्रकच्या गॅरेजसमोर स्टूल टाकून बसायचे आणि निघालेला प्रत्येक पार्ट गोणीत भरून घरी आणायचे. मी मात्र छापील बिल बघून निश्चिंत झालो.

मिशिगनमध्ये १९७४ च्या वाहनदुरुस्ती कायद्याने काढलेले भाग मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तक्रार सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे करता येते. मी केली, काकांनी काढलेल्या फोटोंसकट. गॅरेजने मजुरीचे पैसे परत केले. भाग दिले नाहीत.

तुम्ही काम देणार असाल तर आधी, गाडी चालू स्थितीत असतानाच, सपाट रस्त्यावर ड्राइव्हमध्ये ती किती ओढते याचा व्हिडिओ काढा. दोन्ही पिनांना वीज देऊन आवाज ऐका. कामाच्या कागदावर 'फिरत्या पात्यांचा मूळ कन्व्हर्टर, पंप आणि शाफ्ट' असं शब्दांत लिहून घ्या, जुने भाग परत हवेत हेही तिथेच लिहा. कन्व्हर्टर आणि पंपावर रंगाची खूण करून फोटो ठेवा. गाडी परत घेताना किकडाउन दाखवलं म्हणून समाधान मानू नका, स्टेटरचं वेगळं दाखवायला सांगा.

मला शेवटी एका भंगारातल्या १९६७ च्या ब्यूक इलेक्ट्राचा पूर्ण गिअरबॉक्स मिळाला. त्यातला पंप, शाफ्ट आणि कन्व्हर्टर काकांनी बसवले, कामाचे तिन्ही दिवस मी शेजारी उभा होतो. गाडी आता सिग्नलला पुन्हा शांत उभी राहते. तिचा स्वतःचा कन्व्हर्टर कुठे आहे, ते मी अजून शोधतो आहे.